हद्द

गेल्झेनकिर्शेनला समुद्र नाही.
समुद्र मी बनवते, दर दुसऱ्या शनिवारी,
न्हाणीघरात, लाल बादलीत.
लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ,
केकचं पीठ तोलते त्याच काट्यावर तोलून.
मीठ माझ्याकडे, दगड एबरहार्डकडे.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
कामं अशीच वाटली जातात, न बोलता.

तो मासा आम्ही सगळ्यात आधी आणला.
डॅमसेल. काळाभोर, अंगावर तीन पांढरे ठिपके,
कोटाच्या बटणाएवढा.
दुकानातली बाई म्हणाली, हा चिवट,
कच्च्या पाण्यातही तगेल.
पाणी मुरलं की मग न्या नाजूक, महागडे.
म्हणजे आधी याचा जीव टांगणीला,
मग इतरांचं बिऱ्हाड.
तो तगला.
आणि वर्षभरात बटणाचा तळहात झाला.

डावीकडच्या कपारीपासून
पंपाच्या सावलीपर्यंत त्याची हद्द.
गोगलगाय आली, उलटी पडली.
कोळंबी आली, मिशा देऊन गेली.
ईस्टरला निळ्या क्रोमिसची जोडी आणली.
पुढच्या रविवारी एक फिल्टरमध्ये सापडली,
दुसरी वरच्या कोपऱ्यात,
पाण्याच्या सायीला चिकटून,
दार कुठे लावलंय ते शोधत असल्यासारखी.

आणि एबरहार्डचा हात आत गेला की
टक्, टक्,
नेमका मनगटावरच्या निळ्या रेघांवर.
खाणीतल्या जखमा त्या.
कोळशाची धूळ आत राहिली, कातडी वरून मिटली.
साबणाने, डॉक्टरने, कुणीच न काढलेलं ते निळं
हा टोचून काढू बघतो.
"त्याला वाटतं, दुसरा मासा घुसलाय,"
शेजारचा शुक्रू म्हणाला.
शुक्रूच्या कपाळावरही तसलीच रेघ.
तो काचेशी वाकला तर मासा काचेवर आदळला.
दोघं हसले,
खोकल्यात संपणारं ते त्यांचं हसू.

जूनमध्ये ठरलं, काढायचा.
पण कपारीतला मासा जाळीत येत नाही,
आधी कपारच काढावी लागते.
बनियनवर दोघं, कोपरापर्यंत ओले,
एकेक दगड माझ्या बाथटबमध्ये.
प्रवाळं केकच्या भांड्यांत.
"वरचा धर आधी." "टेकू नको काढू." "सावकाश, छत येईल."
हे शब्द या घरात
कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

मग टाकीत उरलं गुडघाभर गढूळ पाणी
आणि मधोमध तो.
हलेना.
काळा रंग उतरून राखेसारखा झालेला.
जाळी शेजारी आली तरी धावून गेला नाही.
कुठून हाकलायचं आणि कुठवर,
हे ठरवायला एक दगड तरी लागतो.

मी हे पाहिलं होतं.
खाणीचं फाटक बंद झालं त्या आठवड्यात,
पहाटे साडेचारला, डब्याशिवाय,
एबरहार्ड अंगणात असाच उभा होता.
दिवा न लावता मी खिडकीतून बघत राहिले.

आत्ताही काही बोलले नाही.
हातात टॉवेल होता, तो पिळत राहिले, कोरडाच.
शुक्रूने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.
एबरहार्डने जाळी बादलीच्या कडेला टेकवली
आणि म्हणाला, "चपटा दगड दे. मोठा."

रात्री अकरापर्यंत रचत होते.
जुनं काही जुन्या जागी ठेवलं नाही.
क्रोमिस जुलैत गेलीच, हेही सांगायला हवं.
दगड बदलून स्वभाव बदलतो
असं जे म्हणतात, ते अर्धंच खरं.

तिसऱ्या दिवशी पंपाखाली, उजवीकडे,
त्याने नवी वीत आखली.
शनिवारी मीठ विरघळवून मी पाणी ओतत होते.
बोट जरा आत बुडालं,
आणि अंगठीवर
टक्.
काळाभोर होता पुन्हा.